वाचकांच्या ध्वनिशंका : मॉनिटर स्पीकर घेण्यापूर्वी खोलीचे माप घ्या

लग्नसराई आटोपली, हिशेब चुकते झाले आणि हातात आलेल्या चार पैशांतून स्टुडिओसाठी काहीतरी घ्यावे, असा विचार खान्देशातील बहुतेक शूटिंगवाल्यांच्या मनात एकाच सुमारास आलेला दिसतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी अर्ध्याहून अधिक पत्रे स्टुडिओ मॉनिटर स्पीकरविषयीच, म्हणजे आपल्या कामातील आवाज तपासण्याच्या स्पीकरविषयीच आहेत. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. अनेकांचे प्रश्न सारखे असल्यामुळे त्यांतील सहा पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : मी सहा वर्षांपासून लग्नाचे शूटिंग व एडिटिंग करतो. घराच्या गच्चीवर १० फूट रुंद, १२ फूट लांब आणि १० फूट उंच अशी स्लॅबची खोली बांधून तेथे संगणक ठेवला आहे. आजवरचे सर्व काम साध्या २.१ स्पीकरवर केले. माझ्या खोलीत सर्व ठीक ऐकू येते. परंतु ग्राहकाच्या घरी टीव्हीवर लावले की मंगलाष्टके बँडखाली दबतात आणि मोबाइलवर ढोल नाहीसाच होतो. चाळीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदार ८ इंची वूफर (खर्ज देणारा मोठा पडदा) असलेली जोडी सुचवतो. ती घ्यावी का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : घेऊ नये. आपल्या खोलीला ५ इंची वूफरची जोडी पुरेशी आहे आणि उरलेली रक्कम त्या खोलीवरच खर्च करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या मतामागील कारणे मात्र विस्ताराने सांगावी लागतील, कारण दुकानात गेल्यावर मोठ्या वूफरचा मोह आवरणे सोपे नसते.

आपल्या तक्रारीतच आपल्या स्पीकरची चाचणी झालेली आहे. २.१ संचातील दोन छोटे डबे वरचा, तिखट आवाज देतात आणि टेबलाखालचा मोठा डबा खर्ज देतो. या दोहोंच्या मधला जो पट्टा, ज्यात माणसाच्या आवाजाचा भरीवपणा असतो, तो पट्टा तेथे पातळच राहतो. वरच्या तिखटपणामुळे भटजींचे शब्द स्पष्ट ऐकू येतात, म्हणून आपण त्यांचा आवाज वाढवण्याची गरज मानत नाही. टीव्हीवर तो तिखटपणा गेला की शब्दही जातात. ढोलाचे तसेच आहे. खालचा डबा घुमतो म्हणून ढोल भरपूर आहे असे वाटते, परंतु मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो खर्ज वाजवताच येत नाही आणि टिपरी चामड्यावर पडताना होणारा जो वरचा ठोका मोबाइलवर ऐकू आला असता, तो आपण कधी वर आणलेलाच नसतो.

घरातील करमणुकीचा स्पीकर कानाला गोड लागावा म्हणून बनवलेला असतो, तर मॉनिटर स्पीकरने कामातील दोष लपवू नयेत एवढीच अपेक्षा असते. यामाहा कंपनीचा एनएस १० हा पांढऱ्या पडद्याचा स्पीकर १९७८ मध्ये बाजारात आला तो घरगुती संगीतासाठी. घरात त्याचे फारसे कौतुक झाले नाही, मात्र मधला पट्टा तो इतका निर्दयपणे पुढे आणत असे की जगभरातील स्टुडिओंनी त्याला मिक्सिंगच्या, म्हणजे निरनिराळे आवाज एकत्र तोलण्याच्या, टेबलावर बसवले. २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. यामाहाच्या आजच्या एचएस मालिकेतील पांढरा पडदा ही त्याचीच आठवण आहे. पहिल्यांदा मॉनिटर ऐकणाऱ्याला तो ‘कोरडा’ वाटतो आणि पैसे वाया गेले की काय, अशी शंका येते; ती दोन आठवड्यांत मावळते.

आता ८ इंची वूफरकडे वळू. मोठा वूफर अधिक खोल खर्ज देतो हे खरे. प्रश्न आहे तो आपल्या खोलीने त्या खर्जाचे काय करायचे हा. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट ज्या लहरीची लांबी असते, ती लहर त्या भिंतींमध्ये अडकून घुमत राहते. आपल्या खोलीच्या १२ फूट लांबीला ही घुमणारी वारंवारता सुमारे ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपने) येते आणि १० फूट रुंदीला सुमारे ५६ हर्ट्झ. खोलीची उंचीही १० फूटच असल्यामुळे छत व जमीन यांच्यातही तोच ५६ हर्ट्झचा घुमारा उठतो, म्हणजे एकाच स्वरावर दोन बाजूंनी भर पडते. भिंतीला टेकून ऐकल्यास हे स्वर फुगलेले लागतात, खोलीच्या मध्यभागी ते जवळजवळ नाहीसे होतात. ८ इंची वूफर नेमका हाच प्रदेश जोमाने वाजवतो. एचएस ५ सारखा ५ इंची मॉनिटर ७४ हर्ट्झच्या खाली हळूहळू मान टाकतो आणि आपल्या खोलीच्या दृष्टीने ही मान टाकणे उपकारकच आहे.

येथे माहितीपत्रकातील एका आकड्याविषयी सावध करतो. त्याच एचएस ५ च्या माहितीपत्रकात ‘५४ हर्ट्झपासून’ असेही छापलेले आढळते. हा आकडा खोटा नाही. तेथे आवाज १० डेसिबलने खाली गेलेला असतो, तर ७४ हर्ट्झला तो ३ डेसिबलने खाली असतो. दोन कंपन्यांच्या मॉनिटरांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच अटीवर दिलेले आहेत की नाहीत, हे पाहिल्याशिवाय ती तुलना करू नये. याहून साधी गफलत किमतीची होते. पुष्कळ मॉनिटर जोडीने नव्हे, तर एकेक विकले जातात. पडद्यावर दिसलेली किंमत पाहून आनंदलेल्या माणसाच्या घरी एकच डबा पोहोचल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

खोलीत स्पीकर कोठे ठेवावेत, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. माझ्या दृष्टीने मॉडेल कोणते यापेक्षा तोच महत्त्वाचा आहे. टेबल १० फुटांच्या भिंतीकडे ठेवावे, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल. डावी व उजवी भिंत दोन्ही स्पीकरांपासून सारख्याच अंतरावर असावी. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार असेल, तर मधोमध ठेवलेला निवेदकाचा आवाज एकीकडे कललेला ऐकू येतो आणि आपण तो विनाकारण दुरुस्त करत बसतो. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (वरचा आवाज देणारे छोटे पडदे) कानाच्या उंचीवर यावेत आणि डोके समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर असावे. खोलीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सहा फुटांवर, खुर्ची येऊ देऊ नये.

स्पीकर आणि त्याच्या मागची भिंत यांतील अंतराबद्दल बहुतेकांची समजूत ‘जितके दूर तितके चांगले’ अशी असते. ती अर्धीच खरी आहे. स्पीकरमधून मागे गेलेला खर्ज भिंतीवर आपटून परत येतो आणि ज्या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा त्या अंतराएवढा असतो, ती लहर मूळ आवाजाला मारक ठरते. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे १४३ हर्ट्झला खड्डा पडतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ या पट्ट्यात असतो, म्हणजे खड्डा नेमका निवेदकाच्या छातीतच पडला. तेच अंतर ३० सेंटिमीटर केले, तर खड्डा २८६ हर्ट्झच्या आसपास सरकतो, तेथे तो तुलनेने उथळ असतो आणि मागच्या भिंतीवर लावलेल्या जाड शोषकाने बराचसा भरूनही निघतो. लहान खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवावेत आणि त्यामुळे वाढलेला खर्ज स्पीकरच्या मागील बटणाने कमी करावा, हेच शहाणपणाचे. एचएस ५ ला यासाठी ‘रूम कंट्रोल’ नावाचे बटण असते. त्याने ५०० हर्ट्झखालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने उतरवता येतो. मी स्वतः जळगावातील एका भाड्याच्या खोलीत हे बटण न पाहता वर्षभर काम केले होते. भिंतीमुळे फुगलेला खर्ज ऐकून मी प्रत्येक मिक्समधला खर्ज उतरवत गेलो, आणि एका मंगल कार्यालयातील मोठ्या पडद्यावर आमची चित्रफीत लागली तेव्हा संबळाचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आला. नवरदेवाच्या मामांनी त्यावर केलेली टिप्पणी येथे छापण्याजोगी नाही.

मॉडेलविषयी थोडक्यात सांगतो. यामाहा एचएस ५, जेबीएल ३०५पी, अ‍ॅडम टी५व्ही आणि केआरके रॉकिट ५ हे चारही आपल्या कामाला योग्य आहेत. केवळ बोलणे व निवेदन यांसाठी मी एचएस ५ कडे झुकतो, कारण त्यात मधला पट्टा उघडा पडतो. रॉकिटचे हवा जाण्या-येण्याचे भोक पुढच्या बाजूस असते आणि म्हणून तो भिंतीला खेटून ठेवला तरी चालतो, असे दुकानांत सांगितले जाते. वास्तविक भिंतीमुळे खर्ज वाढतो तो भोकामुळे नव्हे, तर खर्ज सर्व दिशांना पसरतो म्हणून. भोक मागे असल्यास हवेला वाट मिळेल एवढी चार बोटे जागा सोडावी, एवढाच फरक. हे सर्व स्पीकर अ‍ॅक्टिव्ह आहेत, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या पोटातच आहे. वेगळा घेऊ नये. संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून जोडणी न करता दोन आउटपुट असलेला साधा ऑडिओ इंटरफेस (संगणकाचा आवाज स्पीकरकडे नेणारे उपकरण) घ्यावा आणि चाळीस हजारांच्या अंदाजपत्रकात त्याची व केबलची रक्कम आधीच बाजूला काढावी.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र अहिराणी लघुपट तयार करतो. आमच्यापुढे दोन जागा आहेत : गावातील आजोबांचे धाब्याचे जुने घर आणि धुळ्यातील भावाची नवी स्लॅबची खोली. कोणती जागा ऐकण्यासाठी चांगली? शिवाय, एवढा खर्च करण्यापेक्षा चांगले हेडफोन घेतले तर चालणार नाही का? — दोन वाचक, धुळे तालुका

उत्तर : दोन्ही जागी मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. नव्या खोलीत टाळीनंतर पत्रा थरथरावा तसा ‘टर्रर्र’ असा झणकार ऐकू येईल. गुळगुळीत समांतर भिंतींमध्ये तो आवाज मागे-पुढे फेकला जात असतो. धाब्याच्या घरात वर उघड्या कड्या व पाट असतात, भिंती ओबडधोबड असतात, कोनाडे असतात, एका बाजूला धान्याच्या कोठ्या आणि वळकट्या असतात. त्यामुळे आवाज विखुरतो आणि टाळी बरीच लवकर विझते. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींतून बाहेरचा ट्रॅक्टरही फारसा आत येत नाही, कारण बाहेरचा आवाज अडवण्याचे काम वजन करते. स्पंजचे पातळ तुकडे ते करू शकत नाहीत. मला विचाराल तर मी आजोबांच्या घरी बसेन. मात्र धाब्यावरून झिरपणारी माती स्पीकरच्या व संगणकाच्या पोटात जाऊ नये म्हणून वर कापडी छत ताणावे आणि पावसाळ्यात कोठे गळते ते पाहूनच टेबलाची जागा ठरवावी. दुपारी लावलेला कूलर दोन्ही ठिकाणी सारखाच शत्रू आहे. त्याच्या घोंघाटात पार्श्वभूमीतील बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, म्हणून वैशाखात शेवटचे मिक्सिंग पहाटे करावे.

हेडफोनविषयीचा आपला विचार टाकाऊ नाही. सोनीचा एमडीआर ७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच एम५०एक्स यांसारख्या बंद हेडफोनवर संवादातील तोंडाची चटचट, मागे चालू राहिलेला पंखा, दोन तुकडे जोडताना बसलेला झटका हे सर्व स्पीकरपेक्षा स्पष्ट ऐकू येते. सफाईचे काम खुशाल हेडफोनवर करावे. अडचण येते ती पातळी ठरवताना. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो आणि संवाद जणू कपाळात बोलले जात असल्याप्रमाणे भासतात. ते इतके जवळ असतात की संगीताच्या मानाने त्यांना किती वर ठेवावे, याचा अंदाज हमखास चुकतो. अहिराणीतील ‘शे’, ‘नै’, ‘बठ्ठं’ यांसारखे छोटे शब्द वेगाने बोलताना पार्श्वसंगीतात सहज विरून जातात आणि पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तर ते दोनदा ऐकूनही उमगत नाहीत. असा संवाद खोलीच्या हवेतून, चार हातांवरून ऐकूनच तोलावा लागतो. व्यंजनांचा स्पष्टपणा २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. त्या पट्ट्यात संगीत थोडे उतरवले, तर संवाद न वाढवताही पुढे येतो. हा फरक चांगल्या मॉनिटरवर लगेच कळतो.

आपणाकडे एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर आज हेडफोन घ्या आणि शेवटची पातळी घरच्या टीव्हीवर तपासा. पुढच्या वर्षी मॉनिटर घ्या. ही तडजोड आहे, पण प्रामाणिक तडजोड आहे.

प्रश्न : काठी येथील होळी आणि सातपुड्यातील इतर होळ्यांचे चित्रीकरण मी दरवर्षी करतो. तेथील मोठ्या ढोलांचा जो घाव छातीवर जाणवतो, तो ५ इंची मॉनिटरवर अजिबात येत नाही. सबवूफर (केवळ खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) जोडावा का? — एक वाचक, तळोदा

उत्तर : तो घाव आपल्या खोलीत यावा, ही इच्छा मी समजू शकतो, कारण त्या रात्री त्या मैदानात मीही उभा राहिलो आहे. परंतु तेथे खोली नव्हती. उघड्या मैदानात खर्जाला अडवणारी भिंत नसते, म्हणून तो स्वच्छ लागतो. दहा-बारा फुटांच्या खोलीत सबवूफर आणला की वर अमळनेरच्या वाचकांना सांगितलेला ४७ आणि ५६ हर्ट्झचा घुमारा जागा होईल, प्रत्येक ढोल एकाच स्वरात बोलू लागेल आणि तो ढोलाचा स्वर नसून खोलीचा असेल.

यावर माझा उपाय असा. ५ इंची जोडीवर ढोलाचा वरचा भाग, म्हणजे काठीचा चामड्यावरचा ठोका आणि त्यामागची लाकडी पोकळी, नीट जमवून घ्यावा. खालचा खर्ज एखाद्या उघड्या पाठीच्या हेडफोनवर स्वतंत्र तपासावा, कारण हेडफोनला खोलीची बाधा नसते. त्याबरोबर संगणकावर आवाजाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे ते, दाखवणारी पट्टी उघडी ठेवावी. ३० हर्ट्झच्या खाली काही हलताना दिसले, तर ते बहुधा माइकवर बसलेले वारे असते, ढोल नव्हे, आणि ते कापून टाकावे. प्रेक्षकांपैकी बहुतेक जण ही चित्रफीत मोबाइलवर पाहणार आहेत. त्यांच्यासाठी ढोलाच्या एका प्रतीवर हलके सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाची सौम्य विकृती, देऊन ती मूळ आवाजात मिसळावी. सॅच्युरेशनमुळे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे उपस्वर तयार होतात आणि ते ऐकून कान खालचा न वाजलेला स्वर आपोआप भरून काढतो. पावरीच्या सुरांना मात्र यातले काही लावू नका. ती जशी आहे तशीच चांगली वाजते.

प्रश्न : ब्लूटूथ असलेले मॉनिटर घेतले तर तारांचा त्रास वाचेल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : गाणी ऐकण्यासाठी वाचेल, एडिटिंगसाठी नाही. २५ चित्रांच्या गतीत एक चित्र ४० मिलिसेकंद टिकते, तर साध्या ब्लूटूथ जोडणीत आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापासून पाव हिश्श्यापर्यंत मागे पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी १३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. आपण ब्लूटूथवर ऐकून ओठ जुळवलेत, तर आवाज ओढून पुढे घ्याल आणि जी बाजू प्रेक्षकाला लवकर खटकते, नेमकी तीच चूक प्रत्येक दृश्यात होईल. ब्लूटूथचे बटण असलेला मॉनिटर घेण्यास हरकत नाही. काम करताना तार जोडा.

प्रश्न : नवी जोडी लावल्यापासून स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. माउस हलवला की त्यात किरकिर मिसळते. लोडशेडिंगमुळे इन्व्हर्टर वापरतो. त्या वेळी हा त्रास दुप्पट होतो. दुकानदार म्हणतो की प्लगची जाड पिन काढून टाका. — एक वाचक, साक्री

उत्तर : जाड पिन काढू नका. ती अर्थिंगची पिन आहे. आवाज थांबेलही, परंतु यंत्रात दोष निर्माण झाल्यास विजेला जाण्यासाठी आपल्या शरीराशिवाय वाट उरणार नाही. असा सल्ला देणाऱ्याकडून पुढील वस्तू घेऊ नयेत, एवढेच म्हणतो.

प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवून पाहा. किरकिर थांबली, तर दोष चार्जर व स्पीकर यांच्या अर्थिंगमधील फरकात आहे. संगणक, इंटरफेस आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर चालवावेत. त्यानंतर केबल पाहा. बहुतेक जण इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंत टोकाला एकच काळी कडी असलेली साधी केबल वापरतात. तिच्यात बाहेरचा गोंगाट सरळ शिरतो. बॅलन्स्ड केबलमध्ये तोच संकेत दोन तारांतून एकमेकांच्या उलट पाठवला जातो आणि स्पीकर त्या दोहोंतील फरक तेवढा घेतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंगाट आपोआप वजा होतो. तीन पिनांची एक्सएलआर किंवा दोन काळ्या कड्यांची टीआरएस केबल मागावी. इन्व्हर्टरवर त्रास वाढतो याचा अर्थ तो बहुधा चौरस लहरीचा आहे; साइन लहरीचा इन्व्हर्टर घेतल्याशिवाय ती घरघर पूर्णपणे जाणार नाही आणि तोपर्यंत वीज नसताना मिक्सिंगऐवजी नुसती जुळवाजुळव करावी. सुरू करताना स्पीकर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, ही सवय लावून घ्या; वीज जाण्या-येण्याच्या धक्क्यांनी ट्वीटर लवकर निकामी होतात.

प्रश्न : मागील अंकात आपण भिंतींना रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) शोषक लावण्यास सुचवले होते. आमचे कुटुंब जिनिंगच्या व्यवसायात आहे. घरात रुई असताना रॉकवूल विकत आणणे आम्हाला पटत नाही. रुईने काम होणार नाही का? मॉनिटर आणले आहेत, मात्र ते किती मोठ्याने लावावेत हेही सांगावे. — एक वाचक, पाचोरा

उत्तर : मागील अंकात मी रॉकवूलचेच नाव घेतले ही माझी चूक, कापसाच्या पट्ट्यात राहून तसे लिहायला नको होते. रुई उत्तम ध्वनिशोषक आहे. आवाज शोषणे म्हणजे हवेच्या हालचालीला तंतूंच्या जंजाळात घासायला लावून तिची उष्णता करणे. तंतू दगडाचा आहे की कापसाचा, याने त्या कामात विशेष फरक पडत नाही. फरक पडतो तो जाडीने. भिंतीवर गोधडी टांगली की टाळीचा झणकार जातो आणि खोली ‘स्टुडिओसारखी’ वाटू लागते, परंतु गोधडीने केवळ वरचा आवाज खाल्लेला असतो, खर्ज जसाच्या तसा घुमत राहतो आणि एकूण आवाज उलट कोंदट होतो. अंड्यांचे ट्रे तर तेवढेही करत नाहीत.

लाकडाच्या ४ इंच खोल चौकटी करून घ्याव्यात, पिंजाऱ्याकडून रुई पिंजून, गादीपेक्षा सैल पण खाली बसणार नाही एवढ्या बेताने भरून घ्यावी, मध्ये आडव्या पट्ट्या ठोकाव्यात आणि वर सुती कापड ताणावे. ज्या कापडातून फुंकर आरपार जाते, ते कापड चालते. चौकट भिंतीला न चिकटवता मागे आणखी ४ इंच पोकळी सोडली, तर तीच रुई अधिक खालपर्यंत काम करते. कोठे लावायच्या, ते आरशाने ठरवावे : आपण खुर्चीवर बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा आणि ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तेथे एक चौकट यावी. दोन्ही बाजूंना एकेक, स्पीकरमागे दोन, डोक्यावर एक, आणि रुई उरली तर खोलीचे कोपरे जमिनीपासून छतापर्यंत भरून टाकावेत, कारण खर्ज कोपऱ्यांतच साचतो.

रॉकवूलचा एक गुण रुईला नाही : ते पेट घेत नाही. जिनिंगमध्ये राहणाऱ्यांना आगीविषयी मी काय सांगावे? तरीही विजेचे बोर्ड, गरम होणारे अ‍ॅडॉप्टर आणि दिवे यांच्याजवळ रुईची चौकट लावू नये आणि त्या खोलीत विडी-सिगारेट व उदबत्ती बंद ठेवावी. स्पीकरमागच्या दोन चौकटींत तरी रॉकवूल भरावे, असा माझा आग्रह आहे, कारण तारा तेथेच असतात.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न अनेकांना पडतो आणि फार थोडे जण विचारतात. आपला कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो आणि मोठ्या आवाजात जास्त. म्हणून रोज वेगळ्या पातळीवर काम केले, तर रोजचे मिक्स वेगळे होते. चित्रपटगृहाच्या मोठ्या मिक्सिंग दालनात ८५ डेसिबलची पातळी प्रचलित आहे, पण लहान खोलीत ती असह्य होते. अमेरिकेतील एटीएससी या संस्थेच्या ए/८५ या शिफारशीत १५०० घनफुटांपेक्षा लहान खोलीसाठी ७६ डेसिबल ही पातळी दिली आहे. १० बाय १२ ची १० फूट उंच खोली १२०० घनफुटांची होते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना हीच पातळी लागू आहे. संगणकावरून उणे २० डेसिबलचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग ‘श्शऽऽ’ असा आवाज) एका वेळी एकाच स्पीकरवर लावावा, डोक्याच्या जागी मोबाइल धरून डेसिबल मोजणारे अ‍ॅप ‘सी-वेटिंग’ व ‘स्लो’ या पर्यायांवर ठेवावे आणि ७६ दिसेपर्यंत इंटरफेसची कळ फिरवावी; मोबाइलचा माइक दोन-चार डेसिबलने चुकला तरी बिघडत नाही. मग दुसरा स्पीकर तितक्याच पातळीवर आणावा आणि कळीवर रंगाने खूण करावी. संवाद व निवेदन तोलताना कळ त्या खुणेवरच राहावी. यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणल्यास पुरते. त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतःच उतरवते, हळू असलेला मात्र चढवत नाही. दर तासाला एकदा कळ अगदी खाली आणून, डावी व उजवी अशा दोन्ही वाहिन्या एकत्र करून, एका स्पीकरवर सर्व ऐकावे. बोललेला प्रत्येक शब्द तेव्हाही कळला, तर तो ग्राहकाच्या टीव्हीवरही कळतो.

रुईच्या चौकटींच्या मागे दर दिवाळीला डोकावून पाहावे. रॉकवूलमध्ये उंदीर सहसा घर करत नाहीत. रुईत मात्र करतात.